इंगेबाईंचं लाल पाकीट

आखातातल्या आमच्या करामा वस्तीत ऑगस्ट महिन्यात खिडकी उघडणारा माणूस एकतर देशात नवीन असतो, नाहीतर त्याचा एसी बिघडलेला असतो. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या इंगेबाई या दोन्हींत बसत नव्हत्या. इथे येऊन त्यांना आमच्यापेक्षा जास्त वर्षं झाली होती आणि त्यांचा एसी उत्तम चालत होता. तरीही रोज सकाळी त्या घरातल्या झाडून सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, खोलीच्या मधोमध हाताची घडी घालून उभ्या राहायच्या आणि पाच मिनिटांनी सगळ्या पुन्हा घट्ट लावून टाकायच्या. बाहेरची हवा म्हणजे कुकरचं झाकण उघडल्यावर तोंडावर येते तशी. बिल्डिंगचा वॉचमन दोनदा एसी मेकॅनिक घेऊन त्यांच्या दारात जाऊन आला.

"इंगेबाई, ही असली हवा घरात कशाला घेता?" मी एकदा न राहवून, आमच्या नेहमीच्या इंग्लिशमध्ये, विचारलं.

"हेर सावंत, रात्रीची हवा शिळी होते. पाच मिनिट ताजी हवा. देन खलास."

त्यांच्याकडे हेर म्हणजे श्रीयुत. पण जिन्यात त्यांनी मला अशी खणखणीत हाक मारली की बिल्डिंगमधली मराठी पोरं फिदीफिदी हसायची. मी शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका गोदामाचा हिशेब बघणारा साधा माणूस. हेरगिरी करण्यासारखं माझ्या आयुष्यात काही नाही. आणि अन्न शिळं होतं हे आम्हाला ठाऊक होतं, हवासुद्धा होते हे आमच्या वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, अजिबात पटलं नाही.

इंगेबाई सत्तरीच्या आसपासच्या. उंच, शिडशिडीत, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, सँडलमध्ये मोजे आणि खांद्याला कापडी पिशवी. जर्मनीच्या पूर्वेकडच्या, पोलंडच्या हद्दीजवळच्या एका लहानशा गावच्या. भिंत पडली, दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि त्यांच्या गावातला काचेचा कारखाना बंद पडला. गावातली निम्मी माणसं पोटापाण्यासाठी पश्चिमेकडे गेली, या बाई त्याहून लांब इकडे आल्या. आधी शारजातल्या एका जर्मन कंपनीत सेक्रेटरी होत्या. मध्ये आईच्या शेवटच्या आजारपणात दोन-तीन वर्षं गावी जाऊन राहिल्या, आणि परत आल्या त्या करामातल्या एका छोट्या क्लासमध्ये जर्मन शिकवायला. शिकायला येणाऱ्या बहुतेक नर्सेस. केरळच्या, फिलिपिन्सच्या आणि अलीकडे आपल्या कोकणातल्यासुद्धा. तिकडे म्हाताऱ्यांची संख्या वाढली आहे आणि त्यांना उठवायला-बसवायला माणसं मिळत नाहीत, म्हणून या मुलींना तिकडे मागणी.

त्यांचं संध्याकाळचं जेवण म्हणजे आमच्या घरातला एक काळजीचा विषय होता. दिवेलागणीला त्या लाकडी पाटावर ब्रेडचे दोन काप, चीज, काकडी आणि एखादं उकडलेलं अंडं घेऊन बसायच्या. वैशालीने ते पहिल्यांदा पाहिलं आणि घरी येऊन डोळ्यांना पदर लावायचा तेवढा बाकी ठेवला.

"अहो, बाई एकटी आहे म्हणून कोरडा पाव खाऊन राहते हो! या वयात!"

मग काय, रोज आमच्याकडून गरम भात-आमटी जाऊ लागली. आठवडाभराने इंगेबाई डबे घासूनपुसून घेऊन आल्या, सोबत सफरचंदाचा केक. वैशालीला म्हणाल्या, "फ्राऊ सावंत, तुमचं जेवण फार छान. पण संध्याकाळी गरम जेवलं की मला वाटतं मी आजारी आहे." गरम जेवण दुपारी एकदाच, संध्याकाळी पाव, ही त्यांच्याकडची रीत. तेव्हापासून आमटी दुपारी जाऊ लागली आणि केक मात्र चालू राहिला. या तहात आमचाच, त्यातून आमच्या मुलीचा, फायदा होता.

त्यांच्या जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर एकच फोटो होता. घरामागच्या बागेत उभी असलेली त्यांची आई, हातात भाजीची टोपली, आणि फोटोच्या उजव्या कोपऱ्यात एक मोठा गुलाबी धब्बा. मला वाटलं ओल लागली असेल.

"ओल नाही. माझा धाकटा भाऊ, डीटर," त्या म्हणाल्या. "फोटो काढताना त्याचा अंगठा नेहमी मध्ये येतो. आमच्या घरातल्या सगळ्या फोटोंमध्ये तो आहे. फक्त अंगठा."

त्या हसल्या आणि लगेच टेबल आवरायला लागल्या. पुढे कळलं, की आईला पोचवून आल्यानंतर सगळे कॉफी-केकला बसले असताना बहीणभावांत वाजलं होतं. बाहेरून आलेल्यांना परत पाठवा म्हणणारा तिकडे एक पक्ष आहे. डीटर त्याचा. "ती माणसं आपलं सगळं घेऊन चाललीत," असं काहीसं तो बोलला. इंगेबाई म्हणाल्या, "मी इथून गेले की परत त्या माणसांतच राहायला जाणार आहे," आणि केक अर्धा टाकून उठल्या. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

क्लासमध्ये जागा पुरेना, की त्या मुलींना घरी बोलवायच्या. आमची दारं समोरासमोर, त्यामुळे मला न शिकताच बरंच कळायचं. बाई व्याकरण शिकवायच्या त्याहून जास्त नाटकं करायच्या. कधी त्या खडूस शेजारीण व्हायच्या आणि रविवारी मशीनमध्ये कपडे लावले म्हणून मुलींना झापायच्या. कधी कचऱ्याच्या चार डब्यांपुढे मुलीला उभं करून तिच्या हातात चहाची पिशवी द्यायच्या. दोरा कुठे, कागद कुठे, पत्ती कुठे. एकदा तिकडचं सरकार समजावून सांगत होत्या. तिकडे एका पक्षाला बहुमत मिळत नाही, दोघातिघांना मिळून राज्य करावं लागतं. मुलींच्या डोक्यात शिरेना.

"करामातला शेअरिंग फ्लॅट!" बाई म्हणाल्या. "तीन भाडेकरू, एक किचन. तिघांचं आधी ठरतं, कोण भांडी घासणार, कोण गॅसचे पैसे देणार. मग एक म्हणतो, मी नाही देत. यल्ला, खलास. फ्लॅट रिकामा, सरकार पडलं."

आमच्या मजल्यावरच्या दोन मलबारी बॅचलरांचं तेव्हा गॅसवरूनच भांडण चालू होतं, त्यामुळे सगळ्यांना लगेच समजलं.

एक नाटक मात्र हसण्यासारखं नव्हतं. त्यात बाई आजारी म्हातारा व्हायच्या. सोफ्यावर आडव्या पडून तोंड भिंतीकडे करायच्या आणि खेकसायच्या, "मला हात लावू नकोस. आमच्यातली कुणी असेल तर पाठव. आणि तू परत कधी जाणार तुझ्या देशात?" मुलीने न रडता, न चिडता उत्तर द्यायचं. सुजाता नावाची लांज्याची एक मुलगी होती, शारजातल्या एका दवाखान्यात नर्स. आमच्याकडे तिचं येणं-जाणं होतं, आम्हाला काका-काकू म्हणायची. पहिल्या दिवशी ती उठून आमच्या किचनमध्ये येऊन रडली.

"काकू, मॅडम असं का बोलतात? त्यांना आम्ही आवडत नाही का?"

वैशाली तरातरा जाब विचारायला गेली. इंगेबाईंनी तिला खुर्ची दिली. "फ्राऊ सावंत, तिला हे तिकडे पहिल्यांदा ऐकायला मिळण्यापेक्षा इथे मिळू दे. इथे तुमचं किचन आहे." वैशाली गेली तशीच परत आली. दोन महिन्यांनी त्याच सुजाताने त्याच म्हाताऱ्याला ठसक्यात उत्तर दिलं, "जाईन की. आधी तुमची उशी सरळ करते, मग बोलू." इंगेबाई सोफ्यावरून उठल्या आणि त्यांनी तिच्याशी हस्तांदोलन केलं.

मतदान हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. मला एकदा जिन्यातच धरलं. "हेर सावंत, तुम्ही शेवटचं मत कधी दिलंत?" मी म्हटलं, आमचं मत टपालाने जात नाही, गावी जावं लागतं, रजा मिळत नाही, विमानाचं तिकीट तेव्हाच महागतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी लिफ्टची वाट न बघता सरळ जिना उतरून गेलो.

पुढे कधीतरी कॉफी पिताना त्यांनी त्यामागची गोष्ट सांगितली. त्यांच्या तरुणपणी पूर्वेकडे मतदान म्हणजे नावांच्या यादीची घडी घालायची आणि पेटीत टाकायची. पेन लागायचंच नाही. कोपऱ्यात पडदा लावलेला आडोसा असायचा, पण तिकडे वळणारा माणूस सगळ्यांच्या डोळ्यांत भरायचा. इंगेबाई तेव्हा गावच्या शाळेत शिक्षिका होत्या. एका निवडणुकीला त्या रांगेतून निघाल्या, सरळ पडद्यामागे गेल्या आणि यादीतली सगळी नावं खोडून आल्या. पुढच्या महिन्यात त्यांचा वर्ग काढून घेतला आणि त्यांना शाळेच्या नकाशांच्या खोलीत बसवलं.

"घाबरला नाहीत?"

"घाबरले होते. पण पडद्यातून बाहेर आले तर समोर डीटर उभा. माझ्यामागे रांगेत होता. मी गेले म्हणून तोही आत गेला." त्यांनी कपात चमचा फिरवला. "त्याच्या कारखान्यात त्याला फार त्रास दिला. नंतर भिंत पडली, मला वाटलं आता सगळं छान होईल. तर कारखानाच बंद झाला. मी निघून आले. तो तिथेच राहिला."

भावाबद्दल त्या एवढं बोलल्या ते तेव्हा एकदाच.

आणि मग तिकडचा तो शेअरिंग फ्लॅट खरोखरच रिकामा झाला. सरकार मुदतीआधी पडलं आणि निवडणूक ऐन थंडीत येऊन ठेपली. इंगेबाईंनी गावच्या कचेरीत नाव नोंदवलं, तिकडून मतपत्रिका टपालाने निघाली असं कळलं. आता आमच्याकडे पोस्टमन दारात येत नाही. पत्रं येतात ती कंपनीच्या, बाईंची त्यांच्या क्लासच्या, नावच्या पोस्टातल्या पेटीत, आणि किल्ली असते ऑफिसबॉयकडे. बाई रोज त्याच्या मागे. तो बिचारा रोज म्हणायचा, "इन्शाल्ला टुमॉरो, मॅडम." बाईंना आयुष्यात सगळं समजलं, पण इन्शाल्ला टुमॉरो म्हणजे नक्की कोणता वार, हे शेवटपर्यंत समजलं नाही.

मतपत्रिका हातात पडली ती शुक्रवारी दुपारी. मतदान रविवारी. गावच्या कचेरीत संध्याकाळी सहाच्या आत पाकीट पोचलं तरच ते मोजणार. मी दोन कुरिअरवाल्यांना फोन केले.

"साडेतीनशे दिरहम म्हणतोय," मी म्हणालो.

"अगं बाई, आठ हजार रुपये!" वैशाली.

"आणि पोचणार मंगळवारी."

इंगेबाई आमच्या सोफ्यावर बसल्या होत्या. कधी पाठ न टेकणारी बाई, पण त्या दिवशी टेकली होती. "त्या वेळी माझं मत मोजलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी सगळी नावं खोडली आणि रात्री रेडिओवर सांगितलं, सगळ्यांनी होकार दिला. आता मोजतात, तर माझं पाकीट पेटीत पडून होतं." आणि त्यांच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. मला फार वाईट वाटलं. आम्ही परदेशात मत न देता खुशाल राहणारी माणसं, आणि ही बाई एका कागदासाठी रडत होती.

सुजाता तिथेच होती, निरोपाचं जेवायला आली होती. तिची जर्मनीची नोकरी पक्की झाली होती, ड्रेस्डेनच्या एका वृद्धाश्रमात, आणि विमान होतं शनिवारी सकाळी.

"मॅडम, मी नेऊ का? माझी ड्यूटी सोमवारपासून आहे. रविवारी मोकळीच आहे मी."

इंगेबाईंनी डोळे पुसले, नियम आठवले. चिकटवलेलं पाकीट कुणीही नेऊन टाकलं तरी चालतं. त्या उठल्या, माझ्या खिशातलं पेन घेतलं, आमच्या बेडरूममध्ये गेल्या आणि दार आतून लावून घेतलं. मत गुप्त असतं. बाहेर आल्या तेव्हा हातात बंद केलेलं लाल पाकीट होतं.

एक अडचण राहिलीच. ड्रेस्डेनहून गावाला रेल्वे जाते, पण स्टेशन गावापासून लांब, आणि रविवारी बस नाही. नवखी मुलगी बर्फात चालत जाणार कशी? इंगेबाई बराच वेळ फोन हातात घेऊन बसल्या आणि मग त्यांनी नंबर लावला. आम्हाला जर्मन येत नाही, सुजाता कानात सांगत होती.

"भावाला लावलाय... नुसती गाडीची वेळ सांगतायत... मुलगी येणार आहे म्हणतायत, भारतातली... तो विचारतोय, कुणाला मत दिलंस. मॅडम म्हणाल्या, ते गुप्त असतं... तो म्हणतो, म्हणजे मला कळलं."

"मग? येणार आहे का?" वैशालीला दम निघेना.

"अजून बोलत नाहीये काही... तो म्हणाला, गाडीला उशीर झाला तर तिला आतल्या बाकावर बसायला सांग. बाहेर गारठा आहे."

इंगेबाईंनी फोन ठेवला आणि न सांगता आमच्या किचनमध्ये जाऊन पाणी प्यायल्या.

रविवारी त्या दुपारपासून आमच्याकडे येऊन बसल्या. संध्याकाळ झाली, त्यांचा पावाचा पाट तसाच पडून होता. वैशालीने गरम भात वाढला आणि त्यांनी तो मुकाट्याने खाल्ला, यावरूनच काय ते समजावं. शेवटी सुजाताचा फोन आला.

"मॅडम, टाकलं! वेळेत टाकलं!" आणि मग तिचा धबधबा सुरू झाला, अर्धा इंग्लिशमध्ये मॅडमसाठी, अर्धा मराठीत आमच्यासाठी. डीटर स्टेशनवर आला होता. चिटपाखरू नव्हतं रस्त्यावर, तरी लाल सिग्नलला गाडी थांबवून बसला. तिथे त्याने विचारलं, "परत कधी जाणार?"

"काका, माझ्या तोंडून पाठ केलेलंच निघालं! म्हटलं, जाईन की, आधी हे पाकीट पेटीत टाकते, मग बोलू."

"मग?" इंगेबाईंचा आवाज बारीक झाला होता.

"हसले नाहीत. पण गाडीतला हीटर माझ्या बाजूला फिरवला. आणि म्हणाले, पाकीट जॅकेटच्या आत धर, भिजेल."

कचेरीत सुजाताने पाकीट टाकण्याआधी पोच मागितली. तिथल्या बाईने सांगितलं, पोच मिळत नाही, पेटीत टाका. ही हलेना. लांज्याला ग्रामपंचायतीत साधा अर्ज दिला तरी शिक्का मारून मिळतो. इथे एवढ्या लांबून मत आणलंय, मॅडमना दाखवू काय? मागे माणसं खोळंबली. शेवटी डीटरने तिच्या हातातला मोबाइल घेतला, तिला पेटीपुढे उभं केलं आणि फोटो काढला. तीच पोच.

फोटो आमच्या मोबाइलवर आला. ढगळ जॅकेटमध्ये आपली सुजाता, नाक लालबुंद, पाकीट पेटीच्या फटीत अर्धं गेलेलं. मी पाकीट नीट दिसतंय का म्हणून मोठं करून बघत होतो. इंगेबाईंनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि बोटाने फोटो उजव्या कोपऱ्याकडे सरकवला. तिथे एक गुलाबी धब्बा होता.

"अजूनही," त्या म्हणाल्या. "अजूनही मध्येच येतो." आणि त्या हसता हसता रडायला लागल्या. वैशालीने त्यांना जवळ घेतलं.

निकालात त्यांच्या गावात डीटरचाच पक्ष भरभरून मतं घेऊन गेला. "हरले," इंगेबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारख्या खिडक्या उघडल्या. पण त्या रविवारनंतर दर रविवारी तिकडून फोन यायला लागला. पहिल्यांदा डीटरने विचारलं, त्या मुलीकडे थंडीचे बूट आहेत का. मग त्याच्या गुडघ्याचं निघालं. मग आईच्या बागेचं. राजकारणावर आले की दोघं फोनवरच भांडायची, जिन्यापर्यंत आवाज यायचा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा फोन वाजायचा.

वसंतात बाईंनी क्लास सोडला. तिकडे त्या दिवसांत शतावरीच्या कुळातले पांढरे कोंब भाजीला मिळतात, ते खाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून चालले, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. भाजी खायला कुणी घर बंद करून जात नाही, हे वॉचमनलासुद्धा कळत होतं.

जायच्या दिवशी त्यांची टॅक्सी रस्त्यापलीकडे उभी होती. दोन्ही बाजूंना एकही गाडी नव्हती. मी त्यांची बॅग घेऊन रस्त्यात उतरलो तर त्यांनी माझी बाही धरून मला मागे ओढलं. सिग्नलमधला माणूस लाल होता. आम्ही सगळे रिकाम्या रस्त्यापुढे मुकाट उभे राहिलो. तेवढ्यात त्यांना आठवण झाली आणि त्यांनी मला, वैशालीला आणि आमच्या मुलीला बिल्डिंगच्या दारापुढे उभं करून स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढला. वैशाली म्हणाली, "अहो, तुम्ही या ना मध्ये, वॉचमन काढेल." पण सिग्नल हिरवा झाला होता, आणि हिरवा झाल्यावर इंगेबाई थांबणं शक्यच नव्हतं.

फोटो विमानतळावरून पाठवला त्यांनी. आमची मुलगी बघून म्हणाली, "बाबा, शी रुइन्ड इट." मी, वैशाली, मुलगी, मागे आमच्या बिल्डिंगचं दार, आणि उजव्या कोपऱ्यात एक मोठा गुलाबी धब्बा. घरातली खोडच ती, की अंगठा मुद्दाम ठेवला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. एवढी वर्षं समोरासमोर राहून त्यांचा असा एकही फोटो आम्ही काढला नव्हता. हाच आहे. वैशालीने तो मोठा करून आमच्या जेवणाच्या टेबलामागे लावला आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती कोपऱ्यावर बोट ठेवून सांगते, "या आमच्या इंगेबाई."